आशावाद : दुसरा व तिसरा मजला

पावसाळ्याचे चार महिने सांताक्रूझचं नाव रोज पेपरातल्या पावसाच्या चौकटीत येतं, कुलाब्याच्या जोडीनं. कुलाबा इतके मिलिमीटर, सांताक्रूझ तितके मिलिमीटर. मुंबईत पाऊस फक्त दोनच ठिकाणी पडतो, अशी बाहेरगावच्या बऱ्याच लोकांची या चौकटीमुळे समजूत झालेली आहे. आमचे कोल्हापूरचे पाहुणे जुलैत फोन करतात ते पाऊस किती झाला हे विचारायला नव्हे. आकडा त्यांनी आमच्याआधी वाचलेला असतो. आम्ही आहोत ना, एवढी खात्री करून घेतात आणि "काळजी घ्या" म्हणून फोन ठेवतात.

आशावाद आणि निराशावाद यांबद्दल ज्याला काही शिकायचं असेल त्यानं जाडे ग्रंथ बाजूला ठेवून ही चौकट वाचावी. २६ जुलै २००५ला सकाळी साडेआठपासून पुढच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७४. मधलं अंतर विसेक किलोमीटर. त्या दिवसाची थट्टा कोणी करत नाही, मीही करणार नाही. शेकडो माणसं गेली. पण त्या संध्याकाळी कुलाब्याच्या एखाद्या सज्जनानं खिडकीतून बघून "लोक उगाच बाऊ करतात" असं म्हटलं असेल, तर तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या खिडकीतून दिसत होता तेवढ्या पावसाला आशावादच शोभत होता.

आशावाद हा स्वभाव असतो, असं आपण धरून चालतो. कोणी जन्मतः हसतमुख, कोणी जन्मतः रडतराऊत. माझं निरीक्षण निराळं आहे. आशावाद हा स्वभावात नसून पत्त्यात असतो, आणि पत्त्यातही मजल्यात.

आमची इमारत सांताक्रूझ पूर्वेला, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. तळमजल्यावरचे काका मे महिन्यातच फ्रिज विटांवर चढवतात. शिधापत्रिका, आधार, मुलाच्या पदव्या आणि घराचा करार प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा माळ्यावर. "या वर्षी पाऊस कमी सांगितलाय काका," असं कोणी म्हटलं की ते त्याच्याकडे लहान मुलाकडे बघावं तसे बघतात. दुसऱ्या मजल्यावर मात्र पहिल्या सरीला भजी तळली जातात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी खिडकीतल्या थेंबांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. माणूस जितका वर तितका आनंदी, असं वाटून आपण चौथ्या मजल्यावर गेलो, तर तिथे बेडरूमच्या मध्यभागी बादली आणि बादलीच्या बाजूला उद्विग्न गृहस्थ. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालंय, गळती त्याआधीही होती, नंतरही आहे. तळाला पाणी खालून येतं, चौथ्याला वरून. निर्भेळ आशावाद पिकतो तो फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर. देशातले बहुतेक निर्णय घेणारे लोक कुठल्या मजल्यावर राहत असावेत, याचा अंदाज मला त्यामुळे बांधता येतो.

मी स्वतः पहिल्या मजल्यावर राहतो. म्हणजे तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं अधांतरी.

आता मजला नंतर मिळतो, संस्कार आधी. मराठी घरात मूल वाढतं तेच निराशेच्या पथ्यावर. भावंडं जरा खदखदून हसली की आजी म्हणणार, "पुरे आता, नाहीतर रडाल." पेपर सोपा गेला असं सांगितलं की वडील, "निकाल लागू दे." सहलीला निघालो तर डबा, पाण्याची बाटली, उलटीच्या गोळ्या आणि जादा पैसे; ते पैसे खर्चायचे नसतात, 'काही झालं तर' असतात. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण आपण तक्रार म्हणून वापरत नाही, पात्रता म्हणून सांगतो. मात्र हे सगळं मनात. मोठ्यानं अभद्र बोलायची सोय नाही, कारण घरात वास्तुपुरुष बसलेला असतो आणि तो 'तथास्तु' म्हणतो. हा वास्तुपुरुषही असा की चांगलं बोललेल्याला त्यानं तथास्तु म्हटल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. "आपल्याकडे लिफ्ट येईल," हे आमच्या इमारतीत कित्येक वर्षं, अगदी जिन्यात उभं राहून, मोठ्यानं बोललं जातं आहे.

उरलेला संस्कार रेल्वेनं केला. सांताक्रूझला फास्ट गाडी थांबत नाही. वांद्र्याला थांबते, अंधेरीला थांबते, आमच्या फलाटाजवळून नुसती धूळ उडवत जाते. आयुष्यातल्या पुष्कळशा गोष्टी आपल्या समोरून जातील पण आपल्यासाठी थांबणार नाहीत, हे आमची मुलं पाचवी-सहावीतच शिकतात. पार्ल्याच्या मुलांनाही हे कळतं; पण ती त्यावर वक्तृत्व स्पर्धेत बोलतात.

तर सांगायचा मुद्दा असा, की आशावाद चांगला की निराशावाद, हा वाद शाळेच्या निबंधापुरता ठीक आहे. मीठ चांगलं की साखर, असा निबंध कोणी लिहायला सांगत नाही. खरी अडचण वाटपाची आहे. आपल्याकडे दोन्ही माल मुबलक आहे, फक्त चुकीच्या माणसांच्या हातात पडलेला आहे. ज्यांनी रात्रंदिवस चिंता करावी म्हणून आपण त्यांना पगार देतो ते निर्धास्त आहेत, आणि ज्यांनी सुखानं झोपावं ते फ्रिज विटांवर चढवतायत.

याचा सांताक्रूझमधला सर्वांत लांब पुरावा ६.४५ किलोमीटरचा आहे. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता. काम २००३मध्ये सुरू झालं, रस्ता उघडला १८ एप्रिल २०१४ला. भागाकार केला तर दिवसाला सरासरी दीड मीटरच्या थोडं वर पडतं. मध्यम उंचीचा माणूस वाकोल्याहून निघून रोज फक्त एकदा, डोकं पूर्वेला करून, आडवा झोपत गेला असता तरी साधारण याच सुमाराला चेंबूरला पोचला असता, आणि त्याची झोपही झाली असती. उशिराला कारणं होती. कुर्ल्यात दुकानं आणि घरं मधे होती, त्यांचं पुनर्वसन रखडलं, दुकानदार आपली तक्रार घेऊन थेट जागतिक बँकेपर्यंत गेले. पैसे तिचे होते. तिनं २००६मध्ये काही महिने पैसे थांबवले. पुढे रेल्वेच्या रुळांवरून पूल न्यायचा होता, आणि रेल्वेकडून परवानगी मिळवणं म्हणजे काय हे ज्यानं मिळवली आहे त्यालाच माहीत. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि यातलं एकही आभाळातून पडलेलं नाही. दुकानं आधीपासून तिथेच होती. रूळ तर इंग्रजांच्या काळापासून होते.

तरी तारखा येत राहिल्या. पावसाळ्यापूर्वी. मग पावसाळ्यानंतर. मग डिसेंबरअखेर. मग आर्थिक वर्षाअखेर. प्रत्येक तारीख सांगणाऱ्याचा चेहरा पाहिला तर तो खोटं बोलत नाहीये हे दिसायचं, आणि भीती त्याचीच वाटायची. खोटं बोलणाऱ्याला निदान खरी तारीख माहीत असते.

हा रोग एकट्या मुंबईचा नाही, हे कळलं तेव्हा मला थोडं बरं वाटलं. डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये त्याचं निदान करून ठेवलं आहे. माणूस स्वतःच्या कामाला लागणाऱ्या वेळाचा अंदाज नेहमी कमी बांधतो, अशाच कामांना पूर्वी किती वेळ लागला हे त्याला पक्कं माहीत असलं तरी. काहनेमान यांनी स्वतःच्या कमिटीचाच किस्सा सांगितला आहे. इस्रायलमध्ये एक पाठ्यपुस्तक लिहायचं होतं, सगळ्यांनी मिळून दोनेक वर्षांचा अंदाज दिला, लागली आठ. तोवर शिक्षण खात्याचा त्या पुस्तकातला रस संपला होता. पुढे २००२मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या जोडरस्त्याचा कोणी अभ्यास केला असता तर निदान एखादं उत्तेजनार्थ आलं असतं.

रस्ता उघडला तेव्हा काय झालं तेही सांगतो. आमच्या नाक्यावरचे रिक्षावाले कित्येक दिवस त्यावरून जायला तयार नव्हते. "पुढं बंद असंल," म्हणायचे आणि कुर्ल्याच्या गर्दीतून न्यायचे. इतकी वर्षं तारखा ऐकलेल्या माणसाला उघडा रस्ता दिसला तरी तो दिसत नाही. आशावाद चुकीच्या खुर्चीवर बसला की त्याचं व्याज हे असं भरावं लागतं. त्याच रस्त्याचा वाकोल्याकडचा वाढीव भाग २०१६च्या सुमाराला हाती घेतला गेला, द्रुतगती महामार्गावरून जाणारा त्याचा केबलचा वळणदार पूल ऑगस्ट २०२५मध्ये खुला झाला. पूल देखणा आहे. लोक त्याचे फोटो काढतात. मी तळमजल्यावरच्या काकांना मुद्दाम दाखवायला नेलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "दुरुस्तीला कधी काढतायत?"

नाल्यांचं तसंच. नालेसफाई ३१ मेपर्यंत पूर्ण करायची, अशी मुंबईत प्रथा आहे, कारण पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. पावसाला ही प्रथा कोणी कळवली, हा वेगळा प्रश्न. काही वर्षी तर सफाई शंभर टक्क्यांहून जास्त झाल्याचं जाहीर झालं आहे, म्हणजे नाल्यात नव्हता तोही गाळ काढला गेला. इतका आशावाद गणितालासुद्धा पेलत नाही. २०२५मध्ये मान्सून मुंबईत २६ मेला दाखल झाला. इतक्या लवकर तो निदान पाऊणशे वर्षांत आला नव्हता. सफाईच्या मुदतीला अजून पाच दिवस होते. त्याच दिवशी वरळीच्या भुयारी मेट्रोच्या नव्या स्थानकात पाणी शिरलं. स्थानक सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, आणि त्याचं नाव आचार्य अत्रे चौक. अत्रे असते तर त्यांनी या एका बातमीवर आठवडाभर अग्रलेख चालवले असते. नाव देणाऱ्यांनी एवढा तरी निराशावाद बाळगायला हवा होता.

उलट ज्यांनी नेमानं निराशावाद बाळगला, त्यांना आपण काय दिलं? वेधशाळा घ्या. रेड अलर्ट देते, शाळांना सुट्टी मिळते, आणि लख्ख ऊन पडतं. त्या दिवशी मुंबईतला प्रत्येक पालक हवामानशास्त्रज्ञ होतो. "यांच्यापेक्षा आमचं पंचांग बरं!" पंचांगाचं बरं असतंच, कारण तिथे मृग नक्षत्राचं वाहन बेडूक असेल तर पाऊस बरा आणि कोल्हा असेल तर कमी, एवढ्यावर भागतं. पाऊस आला नाही तर बेडकाला कोणी निलंबित करत नाही. शास्त्रज्ञाची गोष्ट निराळी. त्यानं सांगितलं आणि पाऊस पडला नाही, तर तो मूर्ख. सांगितलं नाही आणि पडला, तर गुन्हेगार. सांगितलं आणि पडला, तर "त्यात काय, आमच्या गुडघ्याला कालच कळलं होतं." व्यवसाय म्हणून निराशावाद पत्करणाऱ्या माणसाला बक्षीस मिळण्याची एकही शक्यता आपण शिल्लक ठेवलेली नाही.

कागदावरच्या निराशावाद्यांचे तर याहून हाल. १९८५च्या पावसात मुंबई बुडाली, म्हणून गटारांचा अभ्यास झाला आणि १९९३मध्ये 'ब्रिमस्टोवॅड' नावाचा अहवाल आला. नावावरून औषध वाटतं, आणि ते होतंही. जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतात, ती क्षमता दुप्पट करा, समुद्रकाठी पंप बसवा, असं त्यात लिहिलं होतं. ही वाईट बातमी होती, म्हणून ती नीट कपाटात ठेवण्यात आली. बारा वर्षांनी २६ जुलै आला. मग माधवराव चितळे यांच्यासारख्या जाणत्या जलतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि कपाटाची किल्ली सापडली. आमच्या सांताक्रूझ पश्चिमेच्या गझदरबंधचा पंप चालू व्हायला २०१९ उजाडलं. हॉलंडमध्ये १९५३च्या फेब्रुवारीत समुद्र आत घुसून १८३६ माणसं गेली, तेव्हा डच लोकांनी बसून हिशेब केला की दहा हजार वर्षांत एकदा येईल असा पूर धरून बांध बांधायचे. दहा हजार वर्षं! आणि ही माणसं स्वभावानं कुढी म्हणावीत तर तसंही नाही. समुद्रसपाटीखाली बसून ट्यूलिपची फुलं लावतात. सगळी निराशा त्यांनी बांधात ओतली, घरात आणली नाही.

आपल्याकडे असं कोणी नव्हतंच असं मात्र नाही. सांताक्रूझला लागूनच जुहूचा विमानतळ आहे. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाचं विमान स्वतः चालवत तिथे उतरले. विमान एवढंसं, एका इंजिनाचं. ज्या धावपट्टीवर उतरायचं ती समुद्राच्या कुशीतली, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी. यापेक्षा मोठा आशावाद मला ठाऊक नाही. पण पाऊस आला की या कंपनीचा मुक्काम पुण्याला हलायचा. 'या वर्षी पाणी साचणार नाही' असं पत्रक कोणी काढलं नाही. उडायचं ठरवताना आशावादी आणि उतरायचं ठरवताना निराशावादी, एवढं साधं वाटप त्या माणसाला जमलं होतं.

दोन्ही पक्षांची रोजची परीक्षा घेणारं ठिकाण आमच्याकडे आणखी एक आहे, मिलन सबवे. जोराचा पाऊस झाला की तिथे पाणी भरतं. २०१३मध्ये रुळांवरून पूल झाला, अलीकडे पाणी साठवायला जमिनीखाली टाकीही बांधली, तरी सबवेची सवय गेलेली नाही. पाणी भरायला लागलं की तोंडाशी गाड्यांची रांग थबकते. पाणी किती खोल हे कोणालाच माहीत नसतं. मग एक टेम्पोवाला येतो, विडी फेकतो आणि "निघंल" म्हणून गाडी आत घालतो. सगळी रांग श्वास रोखून बघते. टेम्पो पलीकडे निघाला तर मागून सगळे. मधेच बंद पडला तर सगळे मुकाट वळून पुलाकडे. समाजाला आशावादी का लागतो, याचं इतकं स्वच्छ प्रात्यक्षिक विद्यापीठाच्या कालिना कॅम्पसमध्येही मिळणार नाही. एकच लागतो. दहा टेम्पो एकदम आत गेले तर तो आशावाद नव्हे, वाहतूक कोंडी.

इथवर आशावाद नको तिथे कसा असतो ते सांगितलं. आता निराशावाद नको तिथे कसा असतो ते बघायला हॉस्पिटलात, भेटायच्या वेळेत जावं. आमच्या एका नातेवाइकांचं पित्ताशयाचं साधं ऑपरेशन झालं होतं. संध्याकाळी चार ते सहा माणसांची रीघ. पहिले गृहस्थ शहाळं ठेवत म्हणाले, "आमच्या साडूंचंही असंच साधं होतं." मग बराच वेळ काही बोलेनात. पेशंटनं न राहवून विचारलं, "आता कसे आहेत?" त्यावर "आराम करा तुम्ही," एवढंच उत्तर. दुसऱ्या बाई सलाईनच्या बाटलीकडे बघून चुकचुकल्या. तिसऱ्यांनी मेडिक्लेमचा नॉमिनी कोण, याची चौकशी केली. हीच माणसं कुठल्याशा नव्या बिल्डरकडे वीस-वीस लाख आगाऊ भरून, "माणूस सज्जन वाटला हो," असं सांगत हिंडत असतात. ऑपरेशन झालेल्या माणसापाशी जो संशय आणला, तो बिल्डरच्या ऑफिसात नेला असता तर पेशंट चार दिवस आधी बरा झाला असता आणि वीस लाखही वाचले असते.

बिल्डरवरून आलंच, तर सोसायटीचा पुनर्विकास. हा सध्या उपनगरातला एकमेव जिवंत धर्म आहे. सांताक्रूझमध्ये त्याला आणखी एक पीठ आहे, ते म्हणजे फनेल झोन. विमानं उतरण्या-चढण्याच्या वाटेखाली इमारतींच्या उंचीवर मर्यादा असते. त्यामुळे नियमानं जितकं बांधकाम मिळतं तितकं रचायला वर जागाच नसते, आणि बिल्डर एकदा आकाशाकडे बघतो, एकदा आमच्याकडे बघतो आणि चहा पिऊन जातो. डोक्यावरून दर काही मिनिटांनी विमान जातं तेव्हा चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ बादलीशेजारून त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहतात, ती हवाई दलानंही शत्रूच्या विमानासाठी राखून ठेवली असेल.

तरी बैठका होतात. आणि तिथे माझ्या मजल्यांच्या सिद्धांताला तडा जातो, हे कबूल केलं पाहिजे. सर्वांत मोठे आशावादी आमच्याकडे ऐंशी ओलांडलेले आजोबा आहेत. नवीन घरात देवघर कुठल्या भिंतीला, बाथरूमच्या फरशा कुठल्या रंगाच्या, कार्पेट किती वाढवून मागायचं, सगळं त्यांचं ठरलेलं. विरोधात सर्वांत पुढे कोण, तर तिशीचा सॉफ्टवेअरवाला. तो म्हणतो, बिल्डरकडून मिळणारं भाडं सहा महिन्यांनी बंद होईल, राहायच्या परवानगीची ओसी येणारच नाही, आपण रस्त्यावर. आजोबा त्याला धीर देतात, "अरे, तुझं सगळं आयुष्य पडलंय!" तो म्हणतो, "म्हणूनच!"

दोघांपैकी कोणाचं ऐकावं? अमेरिकेतल्या मार्टिन सेलिगमन यांनी आशावाद शिकता येतो, असं सांगणारं पुस्तक लिहून जगभर नाव कमावलं. आणि त्यांचाच सहभाग असलेल्या एका अभ्यासात असं निघालं, की व्हर्जिनिया विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या मुलांमध्ये निराशावादी मुलांचे गुण आशावाद्यांपेक्षा चांगले होते. करारातलं प्रत्येक कलम कुठे मोडेल, हे ज्याला आधी दिसतं तोच चांगला वकील. म्हणजे आशावादाच्या आचार्यांनाही कागदपत्रं वाचायला निराशावादीच लागतो. आपल्या सरकारलाही हे एका ठिकाणी बरोबर सुचलं आहे, हे नोंदवून ठेवतो, कारण अशी संधी पुन्हा येईल याची खात्री नाही. सहकार कायद्याच्या ७९-अ कलमाखालच्या पुनर्विकासाच्या सूचना वाचा. एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती, सभेचं व्हिडिओ चित्रीकरण, बिल्डरकडून प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी. ज्यानं हे लिहिलं त्याचा मनुष्यजातीवर काडीचाही विश्वास नाही. अशा माणसाच्या हाती आपलं घर निर्धास्त सोपवावं.

त्याच धर्तीवर मी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक ठराव मांडतो आहे. कुठलंही काम कधी पुरं होईल याची तारीख यापुढे फक्त तळमजल्यावरच्या आणि चौथ्या मजल्यावरच्या सभासदांनी सांगावी. कंत्राटदाराचा कागद सॉफ्टवेअरवाल्यानं वाचावा. आजारी माणसाला भेटायला, मुलांच्या निकालाच्या दिवशी त्यांच्याजवळ बसायला आणि नव्या जोडप्याला आशीर्वाद द्यायला दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्यांनीच जावं. बिल्डरशी पहिलं बोलणं आजोबांनी करावं, कारण टेम्पो कोणीतरी आत घालायला हवा. सही मात्र शेवटी काकांची, फ्रिज विटांवर चढवून झाल्यानंतर. सेक्रेटरींनी ठराव वाचला आणि "मंजूर नाही होणार," म्हणाले. हा माणूस त्या पदाला अगदी योग्य आहे.

सूचक मी आहे, अनुमोदक अजून मिळालेला नाही. सभा रविवारी सकाळी दहाला, गच्चीवर. सूचनापत्रात खाली नेहमीची ओळ आहेच : गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासानं भरेल आणि त्या सभेला गणसंख्येचं बंधन राहणार नाही. तेव्हा जे कोणी येणार असतील त्यांनी साडेदहालाच यावं, आणि येताना छत्री आणावी.